कामाच्या ठिकाणी नाकाला किंवा चेहऱ्याला इजा झाल्यास काय करावे

कामावर असताना नाकावर काही आदळले, की आजूबाजूचे लोक रक्त थांबवतात, तोंड धुवायला लावतात आणि जखमी माणूस पुष्कळदा अर्ध्या तासात पुन्हा यंत्रापाशी उभा राहतो. रक्त थांबवणे गरजेचे आहेच. परंतु नाकाच्या दुखापतीत मोठे नुकसान रक्त थांबल्यानंतर, आतल्या आत होऊ शकते, म्हणून प्रथमोपचार करणाऱ्याने त्यानंतरच्या तपासणीकडेही तितकेच लक्ष दिले पाहिजे.

उंचावरून पडल्यामुळे किंवा जड वस्तूचा जोराचा मार बसल्यामुळे चेहऱ्याला इजा झाली असेल, तर मानेच्या मणक्यालाही धक्का बसला आहे असे धरूनच वागावे. अशा माणसाला उठवून बसवू नये. डोके व मान आहे त्या स्थितीत हातांनी स्थिर धरावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. तो बेशुद्ध असून रक्त घशात उतरत असेल, तर मात्र श्वासमार्ग मोकळा राहणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे लागते.

साधा घोळणा फुटला असेल, तर जखमी व्यक्तीला बसवून किंचित पुढे वाकायला सांगावे आणि नाकाचा खालचा मऊ भाग, म्हणजे दोन्ही नाकपुड्या, चिमटीत घट्ट धरून दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून ठेवावा. वरचे हाड दाबून उपयोग होत नाही, कारण बहुतेक रक्तस्राव दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून होतो. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच चिमटी सोडू नये. डोके मागे टाकण्याची सवय फार रुळलेली आहे, पण ती चुकीची आहे. त्यामुळे रक्त घशात उतरते, पोटात जाते व उलटी होते. तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे. अर्ध्या तासानंतरही रक्त वाहत असेल, किंवा जखमी व्यक्ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर तिला रुग्णालयात न्यावे.

रक्त थांबल्यावर टॉर्चच्या उजेडात दोन्ही नाकपुड्यांत पाहावे. मधल्या पडद्यावर एका किंवा दोन्ही बाजूंना लालसर-जांभळा, मऊ फुगवटा दिसला, किंवा नाक चोंदत चालले आणि वेदना वाढत गेली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, उद्यावर टाकू नये. पडद्यातील कूर्चेला, म्हणजे लवचीक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. या आवरणाखाली रक्त साचले की ते पोषण तुटते, काही दिवसांतच कूर्चा मरू लागते, आणि पुढे नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो. वेळेवर छोटा छेद घेऊन रक्त काढले, तर हे सारे टळू शकते, म्हणूनच या एका तपासणीविषयी मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

नाकाचे हाड मोडले आहे की नाही, हे पहिल्या दिवशी सुजेमुळे नीट कळत नाही आणि साध्या एक्स-रेचाही त्यासाठी फारसा उपयोग होत नाही. सूज ओसरल्यावर, साधारण तीन ते पाच दिवसांनी, पुन्हा तपासणी करून घ्यावी. हाड सरकले असेल तर ते दोन आठवड्यांच्या आत बसवणे सोपे जाते, नंतर ते तसेच जुळून येते.

काही खुणा दिसल्यास मात्र वाट पाहू नये. नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव गळत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. तेथे बोळा घालू नये. एकाऐवजी दोन प्रतिमा दिसणे आणि डोळ्याखालचा गाल बधिर होणे ही डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडल्याची लक्षणे असू शकतात, तर दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणे हे जबड्याचे. या सर्व प्रसंगी नाक शिंकरण्यास सक्त मनाई करावी, कारण त्या जोराने हवा खोबणीत किंवा कवटीत शिरू शकते.

डोळ्यात रसायन उडाले असेल, तर रुग्णालयाची वाट धरण्यापूर्वी तेथेच किमान पंधरा ते वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. डोळ्यात धातूचा तुकडा रुतला असेल, तर तो काढू नये, डोळ्यावर दाब देऊ नये. वर कागदी पेला टेकवून पट्टी बांधावी. निखळलेला कायमचा दात मुळाशी न धरता चावण्याच्या बाजूने उचलावा, दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचवावा. घटनेची वेळ अपघात नोंदवहीत लिहावी. पुढे डॉक्टर तीच आधी विचारतात.

हेल्मेट डोके वाचवते, नाक नव्हे. ग्राइंडरवर काम करताना गॉगल घालून त्यावर फेस शील्ड लावावी, कारण केवळ शील्ड असल्यास कण बाजूने व खालून आत येतात. चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही याची खात्री करावी, गार्ड काढून काम करू नये, चेहरा चकतीच्या रेषेत आणू नये, आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत शील्ड वर उचलू नये.