ऑनलाइन टेबलटॉप कन्व्हेन्शनसाठी वयोमर्यादा आणि वागणुकीचे नियम कसे ठरवायचे

लहानपणी आपल्या गल्लीत दोन नियम होते जे कुणी कधी लिहून ठेवले नव्हते. एक कच्चा लिंबू, म्हणजे कुणाचं धाकटं भावंड खेळायला आलं तर त्याला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. दुसरा टाइम प्लीज, कुणी म्हटलं की पळणारा जागच्या जागी थांबायचा, का थांबलास असं कुणी विचारायचं नाही. ऑनलाइन कन्व्हेन्शनचे नियम म्हणजे मुळात हेच दोन, फक्त आता गल्ली पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलीय आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून लिहून काढावे लागतात.

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून डिस्कॉर्ड या गप्पा-कॉलच्या अॅपवर वीकेंडचं छोटं कन्व्हेन्शन, म्हणजे टेबलावर बसून खेळायच्या खेळांचा मेळावा, भरवतो, रोलप्लेइंग गेम्स (प्रत्येकाने एक पात्र होऊन मिळून गोष्ट खेळायची) जास्त, थोडे बोर्ड गेम्स. एका खेळाला बसलेला एक गट म्हणजे एक टेबल. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

१. आधी टेबलांची यादी, मग वय

बहुतेक जण उलटं करतात. पोस्टरवर "१३+" टाकून मोकळे होतात आणि मग त्याच सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरची आपली जागा) एका टेबलवर ड्रॅगनची गंमत चाललेली असते आणि शेजारच्या टेबलवर खून, छळ, सगळं. वय कन्व्हेन्शनला लावून भागत नाही, प्रत्येक टेबलला लावावं लागतं. जेन कॉन हे अमेरिकेतलं १९६८ पासून चालत आलेलं मोठं कन्व्हेन्शन, २०२० मध्ये कोविडमुळे ते पूर्ण ऑनलाइन भरलं होतं, तिथे प्रत्येक इव्हेंट नोंदवतानाच वयाचा गट निवडावा लागतो, सगळ्यांसाठी ६+, टीन १३+, मॅच्युअर १८+ असा. हीच पद्धत उचला.

आणि बोर्ड गेमच्या डब्यावरचं वय बघून ठरवू नका. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंची लॅबमध्ये तपासणी सक्तीची केली, तो खर्च टाळायला बरेच प्रकाशक सरळ १४+ छापतात, त्यामुळे डब्यावर १४+ असलेल्या खेळात कधीकधी आक्षेपार्ह असं काहीच नसतं. उलट रोलप्लेइंगमध्ये पुस्तकावर काय छापलंय याला अर्थच नाही, जीएम (गेम मास्टर, गोष्ट सांगून खेळ चालवणारा) काय बोलणार त्यावर सगळं. म्हणून जीएमला टेबल नोंदवतानाच विचारा, हिंसा किती, भीती किती, प्राणी किंवा लहान मुलांना इजा होणार का, प्रेमप्रसंग आहेत का. चार ओळींत लिहून घ्या आणि तीच चार वाक्यं खेळाडूंना नाव नोंदवायच्या आधी दिसू द्या.

(आमच्यात जीएम हाच शब्द पक्का केलाय, कारण डीएम म्हटलं की निम्म्यांना डंजन मास्टर वाटतो आणि निम्म्यांना खासगी मेसेज, आणि नियमात असला गोंधळ परवडत नाही.)

२. गट तीनच ठेवा

कुटुंब टेबल, १३+ आणि १८+. बस.

१३ चा आकडा आपल्या मनाचा नाही. डिस्कॉर्डवर खातं उघडायलाच बहुतेक देशांत १३ पूर्ण लागतात. मग दहा वर्षांच्या पोराला खेळायचं असेल तर? कुटुंब टेबलवर आई किंवा बाबा स्वतःच्या खात्यावरून स्वतः खेळाडू म्हणून नाव नोंदवतात आणि मूल शेजारी बसून फासे टाकतं. मुलाचं वेगळं खातं नाही, त्याचं नाव कुठे येत नाही, आणि पालक मध्येच उठून पोळ्या लाटायला जाऊ शकत नाहीत, गेले तर टेबल थांबतं. हा आपला कच्चा लिंबू.

१६+ असा मधला गट काढू का असं दर वेळी कुणीतरी विचारतं. माझं मत नाही. पंधरा आणि सतरा यातला फरक तुम्ही ऑनलाइन तपासू शकत नाही, आणि भारतात कायद्याच्या नजरेत १८ खालचा प्रत्येकजण मूलच आहे, पॉक्सो २०१२ या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामध्येही आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्येही. त्या दुसऱ्या कायद्यानुसार मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्री करता येईल अशी संमती लागते. तुमच्याकडे परदेशातली मराठी मुलं येत असतील तर अमेरिकेत ती रेषा १३ ला आहे, युरोपात देशागणिक १३ ते १६. एवढे सगळे आकडे सांभाळण्यापेक्षा १८ खालच्या प्रत्येकासाठी पालकांना विचारा, सगळीकडे चालतं.

३. वय तपासा, पण आधार कार्ड मागू नका

हे मनापासून सांगतोय. आधारचा फोटो मागणं सोपं वाटतं, पण मग तो तुमच्या फोनमध्ये, ड्राइव्हवर, आणखी एका व्हॉलंटियरच्या व्हॉट्सअॅपवर पडून राहतो आणि लहान मुलांच्या कागदपत्रांचा ढीग तुमच्या गळ्यात. जी माहिती घेतलीच नाही ती कधी फुटत नाही. फॉर्मवर जन्मतारीखसुद्धा नको, फक्त "१८ पूर्ण" किंवा "१८ पेक्षा कमी" एवढंच.

कमी असेल तर पालकांचा नंबर घ्या आणि फोन करा. मेसेज नाही, फोन. दोन मिनिटं लागतात. "नमस्कार ताई, तुमच्या मुलाने शनिवारच्या गेमला नाव दिलंय, कोणत्या टेबलवर, किती वाजेपर्यंत, कोण खेळवणार ते सांगायला फोन केलाय, तुम्हाला चालेल ना?" यातच कळतं की पलीकडे खरंच आई आहे की मित्र आवाज बदलून बोलतोय. फोनवर पालक हटकून विचारतात की हे जुगार वगैरे नाही ना, त्यांना शांतपणे समजावून सांगा. आणि एंट्री फी घेऊन रोख बक्षीस कधीच ठेवू नका, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केलेत, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. कन्व्हेन्शन संपलं की पालकांचे नंबर डिलीट करा आणि डिलीट करणार हे फोनवरच सांगून ठेवा.

४. नियम एका पानात, रोजच्या भाषेत

"सर्वांनी सभ्य वर्तन ठेवावे" हा नियम नाही, ती पाटी आहे. सभ्य म्हणजे काय यावर मग रात्री बारा वाजता वाद होतो. करायचं काय आणि करायचं नाही काय ते थेट लिहा. आमच्या पानावरचे काही असे:

- कुणाचं आडनाव, जात, गाव खोदून विचारायचं नाही. स्क्रीनवर जे नाव दिसतंय त्याच नावाने हाक मारायची.
- कुणाच्या बोलीची नक्कल करून हसायचं नाही. पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं असेल तर चालेल, पण पात्र मूर्ख आहे हे दाखवायला ती बोली वापरायची नाही.
- "तू खरंच मुलगी आहेस का, कॅमेरा चालू कर" हे एकदाही नाही. कॅमेरा कुणालाच सक्तीचा नाही.
- टेबलवर भेटलेल्या माणसाला न विचारता खासगी मेसेज नाही. १८ खालच्यांना तर विचारूनही नाही, जे काय ते टेबलच्या चॅनेलवर.
- सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही, आणि १८ खालचा एकही जण असेल तर अजिबात नाही.
- १३+ आणि कुटुंब टेबलवर कॅमेऱ्यासमोर दारू, सिगरेट नाही. शिव्या पात्राच्या तोंडीही नाहीत.

आडनावाचा नियम पहिल्या वर्षी नव्हता. एका टेबलवर नवीन आलेल्या मुलीला तीनदा "पण आडनाव काय तुझं" विचारलं गेलं, ती परत आली नाही, आणि विचारणाऱ्याला आपण काही चुकीचं केलं असं वाटलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून तो यादीत पहिला आहे.

५. टाइम प्लीज खरंच चालेल असं करा

टेबलटॉपच्या जगात एक्स-कार्ड सगळ्यांना माहीत असतं, जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी मांडलेलं. टेबलवर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, नको असलेलं काही आलं की हात लावायचा, कारण द्यायचं नाही, खेळ तिथून वळतो. समोरासमोर हे छान चालतं. ऑनलाइन ते चॅटमध्ये एक्स टाइप करण्यावर येतं आणि तिथेच गडबड होते.

आमच्याकडे एका रात्री हॉरर गेम चालू होता. तळघर, खांबाला बांधलेला माणूस, हातात पक्कड. जीएम सांगणारा भारी, आवाज खाली आणून एकेका नखाचं वर्णन करत होता. पाच जणांत एक मुलगा चौदा वर्षांचा, काकाच्या खात्यावरून आलेला. त्याने चॅटमध्ये एक्स टाइप केलं. मिनिटभराने परत एक्स. मग "जरा येतो" लिहिलं आणि निघून गेला. जीएमच्या स्क्रीनवर नकाशा उघडा होता, चॅट दुसऱ्या टॅबमध्ये. बाकीचे चौघं वर्णनात गुंगलेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तो रात्रभर लाइट चालू ठेवून झोपलाय. तुमच्यातल्या कुणाचं लक्ष होतं का?"

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, प्रत्येक टेबलवर जीएम सोडून दुसरा एक जण "लक्ष ठेवणारा", तोही खेळतो पण त्याची चॅट कायम उघडी आणि एक्स दिसला की तो बोलून थांबवतो, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला तोंड उघडावं लागत नाही. दोन, बोलायचं असेल तर शब्द "टाइम प्लीज", कारण तो आपल्या तोंडात बसलेला आहे, अनोळखी लोकांत "एक्स-कार्ड" म्हणायला चौदा वर्षांचं पोर लाजतं पण टाइम प्लीज पटकन निघतं. तीन, न सांगता कुणी टेबलवरून गेलं की पाच मिनिटांत लक्ष ठेवणारा टेबलच्याच चॅनेलवर विचारतो, ठीक आहेस ना, आणि १८ खालचा असेल तर पालकांना फोन जातो.

खेळाच्या आधी दहा मिनिटं काढून दोन याद्या करा, काय येणारच नाही आणि काय पडद्याआड होईल, म्हणजे घडलं एवढं कळेल पण वर्णन नाही. रॉन एडवर्ड्स यांच्या लाइन्स अँड व्हेल्स या कल्पनेचा हा आपला साधा अवतार. हे १८+ टेबललाही लागतं. १८ पूर्ण झाले म्हणजे कसलंही वर्णन ऐकायला तयार झालो असा अर्थ होत नाही.

६. मोठे आणि लहान एकत्र असताना

१८ खालचा एक जरी खेळाडू असेल तर टेबलवर एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान दोन मोठे हवेत, आणि दुसरा मोठा येईपर्यंत व्हॉइस रूम उघडायची नाही. हा नियम जीएमवर अविश्वास म्हणून नाही, त्याचंही रक्षण होतं यातून. नवीन जीएमला ओळखणाऱ्या दोघांशी बोलून घ्या, आणि मित्राच्या मित्राला सवलत देऊ नका, खरी परीक्षा तिथेच असते.

वेळ मुलाच्या गावच्या घड्याळाने बघा. पुण्यात शनिवारी रात्री आठ वाजता उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा असतात, म्हणजे तिघांना चालणारी वेळ सापडते. मुलाच्या इथले रात्री दहा वाजले की त्याचं टेबल बंद, गोष्ट अर्धवट राहिली तरी.

७. सेटिंग्ज

१८+ चॅनेल डिस्कॉर्डच्या वयोमर्यादेच्या सेटिंगमध्ये टाका, वर रोलशिवाय (आपण सदस्याला दिलेली खूण) ते दिसणार नाही असं करा. व्हेरिफिकेशन लेव्हल हाय ठेवा, म्हणजे सर्व्हरवर येऊन दहा मिनिटं झाल्याशिवाय कुणी लिहू शकत नाही. ऑटोमॉडमध्ये (नको ते शब्द आपोआप अडवणारी सोय) शिव्या मराठीतल्याही टाका, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत अशा दोन्ही. मुलांना आणि पालकांना सर्व्हर मेंबरकडून येणारे खासगी मेसेज बंद कसे करायचे ते स्क्रीनशॉट काढून दाखवा.

८. कुणी नियम मोडला तर

कुठल्याही वेळी जागा आणि मोकळा असा एक मॉड (मॉडरेटर, सर्व्हरवर नियम सांभाळणारा) हवा, जो स्वतः खेळत नाहीये. त्याचं नाव आणि वेळ वरच पिन करा. बारीकसारीक गोष्टीला आधी समज, मग डिस्कॉर्डचा टाइमआउट, तो एका मिनिटापासून आठवड्यापर्यंत देता येतो, मग बाहेर. प्रत्येक वेळी तीन ओळी लिहून ठेवा, काय झालं, कधी, काय केलं. तक्रार आयोजकाबद्दलच असेल तर ती कुणाकडे जाणार हे आधीच ठरवा, आम्ही त्यासाठी टीमबाहेरच्या एका ताईंना विनंती केलीय.

पण लहान मुलाशी लैंगिक बोलणं, फोटो मागणं, असलं काही झालं तर समज वगैरे काही नाही. माणूस त्याच क्षणी बाहेर आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असं काही माहीत झालं की कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर आपणच गुन्हेगार. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, मुलासाठी मदत हवी तर १०९८. बोलण्याचे स्क्रीनशॉट ठेवा, पण मुलाचा तसला फोटो कुणी टाकला असेल तर तो सेव्ह करू नका आणि टीमच्या ग्रुपवर "हे बघा" म्हणून फिरवू तर अजिबात नका, तो जवळ ठेवणं आणि पसरवणं हाही गुन्हाच आहे. मेसेजची लिंक, युजरनेम आणि वेळ लिहून घ्या आणि ते पोलिसांना द्या. आणि त्या मुलाला कुणीतरी आधी हे सांगा की तुझी काही चूक नाही.

९. आदल्या रात्री एक खोटी तक्रार करून बघा

टीमपैकी एकाने कुणाला न सांगता खेळाडू म्हणून तक्रार टाकायची आणि घड्याळ लावायचं. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली, कारण फॉर्म ज्या ईमेलवर जात होता त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता आणि तो जेवायला गेला होता. त्या रात्री फॉर्म काढून टाकला, मॉडचा एक चॅनेल केला आणि परत तक्रार टाकली. तीन मिनिटांत उत्तर आलं.