वैशाखात पक्षी बघायला निघताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की नाशिकमधले बरेच पक्षीमित्र दुर्बिणी कपाटात ठेवतात. बदकं गेली, माळावरचे शिकारी भोवत्या गेले, आता भेटू थेट नोव्हेंबरात, असा हिशेब. पहिली चूक हीच. एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा म्हणजे आपल्या जिल्ह्यातला पक्ष्यांचा खरा ये-जा करण्याचा काळ. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे मध्य आशियाकडे निघालेले असतात. चिखलात चरणारे तुतारी, टिलवे, पाणटिवळे हे पाणपक्षी लांबच्या प्रवासाआधी पोट भरून घेतात. तलवार बदक केव्हाच निघून गेलेलं असलं, तरी भुवई बदक एप्रिलातही रेंगाळलेलं सापडतं. मे सरता सरता आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून चातक येऊन पोचतो. आणि याच दिवसांत इथले टिटवी, माळटिटवी, नदीसुरय, पखुर्डी अंड्यांवर किंवा पिल्लांत असतात.

हे सगळं रोज आटत जाणाऱ्या पाण्याभोवती चाललेलं असतं. म्हणून थंडीत खपून जाणाऱ्या चुका या दिवसांत पक्ष्यांना फार महाग पडतात. पुढचं सगळं त्या काळजीतून लिहिलं आहे.

उशिरा पोचणं

मे महिन्यात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या वेळी तुम्ही जागेवर बसलेले असायला हवेत, निफाडच्या रस्त्यावर चहा घेत नव्हे. साडेआठ-नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. बरेच जण तेव्हा दुर्बीण खराब झाली म्हणून काच पुसत बसतात. दोष काचेत नसतो. तापलेल्या जमिनीवरच्या हवेच्या थरांतून प्रकाश वाकडातिकडा येतो, आणि भिंग जितकं मोठं तितकी ती थरथरही मोठी दिसते. या दिवसांत दहा पटीच्या दुर्बिणीपेक्षा आठ पटीची बरी. ऊन चढल्यावर लांबच्या पक्ष्यांचा नाद सोडा, जवळच्या झाडांकडे वळा. बाभळीच्या, करंजाच्या सावलीत टेकलेले वटवटे आणि खाटीक हे छोटे पक्षी तेव्हाच नीट बघता येतात. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा पाण्यावर या.

आवर्तनाची चौकशी न करता नांदूर मधमेश्वर गाठणं

आपल्याकडे सर्वाधिक हिरमोड होतो तो या चुकीने. नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्याचं पाणी. वर्षानुवर्षांच्या गाळाने तिथे उथळ डबकी आणि बेटं तयार झाली, त्यावर पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. पण हे पाणी मुळात सिंचनाचं आहे. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी, सुटलं की बंधारा भरतो, कालव्यांना पाणी जातं आणि पातळी पुन्हा उतरते.

पातळी उतरली की चिखल उघडा पडतो, त्यातल्या किड्या-अळ्यांवर तुतारी-टिलव्यांची गर्दी होते. पाणी चढलं की तोच चिखल बुडतो आणि छोट्या पायांचे सगळे पक्षी उठून दुसरीकडे जातात. मागच्या रविवारी कुणीतरी टाकलेला फोटो बघून या रविवारी त्याच जागी जाणारा माणूस चापडगावच्या मनोऱ्यावरून नुसतं पाणी बघून परत येतो आणि म्हणतो, आता तिथे काही राहिलं नाही. राहिलेलं असतं, फक्त सरकलेलं असतं. निघण्याआधी तिथल्या गाइडला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला एक फोन करा आणि पाणी चढतंय की उतरतंय एवढंच विचारा. उतरत असेल तर चापडगावच्या बाजूचा चिखल बघा. चढलं असेल तर खानगाव थडीच्या बाजूचे काठ, कालव्यालगतची पाझराची डबकी आणि नुकतं पाणी दिलेली शेतं बघा. मात्र उन्हाळ कांद्याची काढणी चालू असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बांधावर चढू नका. बहुतेक वेळा तो पाणी प्यायला देऊन वर दोन पक्ष्यांचे ठिकाणही सांगतो.

पाणवठ्याच्या तोंडावर बसणं

येवल्याकडच्या माळावर, ममदापूरच्या बाजूला, पाणवठे मोजकेच असतात. जवळून फोटो मिळावा म्हणून काठालाच दबा धरून बसायचा मोह होतो. पखुर्डीचं उदाहरण घ्या. दिवसभर कोरडं बी टिपणारा हा पक्षी सकाळी ऊन थोडं वर आलं की थव्याने पाण्यावर येतो. तो सरळ पाण्यात उतरत नाही. आधी वरून घिरट्या, मग काठापासून लांब उघड्या जागेवर उतरणं, थोडा वेळ स्तब्ध, मग चालत पाण्याशी. पिल्लं असतील तर नर पोटापर्यंत पाण्यात उभा राहतो, अंग हलवून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिसांत धरून माळावर नेतो. पिल्लं त्या ओल्या पिसांतून पाणी पितात. काठावर माणूस दिसला की थवा घिरट्या घालून निघून जातो. त्या सकाळी पिल्लांना पाणी मिळत नाही.

आपण जास्त जवळ आहोत हे पक्षीच सांगतात. येणारे पक्षी डोक्यावर पुन्हा पुन्हा घिरट्या घालत असतील, लांब उतरून माना उंच करून उभे राहत असतील, एक घोट घेऊन उडत असतील, तर उठून मागे जा. पुरेसे मागे असाल तर ते पाणी पितील, अंघोळ करतील, पिसं साफ करतील. गाडी पाणवठ्यावर आडवी लावू नका. आणि एकाच पाणवठ्यावर अख्खी सकाळ बसण्यापेक्षा तासाभराने हलावं, हे माझं ठाम मत आहे.

घरटं “जरा बघून येऊ” म्हणणं

माळटिटवीचं घरटं म्हणजे उघड्या मुरमावरचा उथळ खळगा. चार मातकट अंडी, त्यावर काळपट डाग. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, पायाखाली मात्र येतात. भर दुपारी ही टिटवी अंड्यांवर बसलेली असते ती त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. नीट बघितलं तर ती अंगाने अंडी दाबत नाही, पाय किंचित ताठ ठेवून वर उभी असते, पंख जरा सैल, चोच उघडी, गळा थरथरत असतो. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यामुळे धापा टाकून आणि गळा हलवून शरीरातली उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि त्यात पाणी खर्च होतं. जोडीतला एक पक्षी पाण्याकडे जातो, पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसतो.

आता तुम्ही तिथे चालत गेलात. टिटवी खाली मान घालून गुपचूप पळत दूर जाते. तुम्ही फोटो काढता, मित्राला बोलावता, तो आपला फोटो काढतो. तेवढ्या वेळात अंडी वैशाखाच्या उन्हात उघडी असतात आणि आतला जीव जायला फार वेळ लागत नाही. शिवाय कावळा तुमच्याकडे बघत असतोच. माळावर एखादी टिटवी तुमच्याभोवती ओरडत फिरायला लागली किंवा चुपचाप पळत जाताना दिसली, तर आल्या वाटेनेच, पायाखाली बघत परत फिरा. नदीसुरयाच्या वाळूच्या बेटांनाही हेच लागू. पाणी उतरलं म्हणून चालत बेटावर जायचं नाही.

थंडीतल्या चित्रावरून ओळख पटवणं

एप्रिलात “हा कुठला नवा पक्षी?” म्हणून येणारे बरेच फोटो ओळखीच्याच पाहुण्यांचे असतात. त्यांनी फक्त विणीचा पिसारा चढवलेला असतो. जानेवारीत मळकट दिसणारा पिवळा धोबी आता हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि त्याच्या डोक्याचा रंग, राखी की काळा, स्पष्ट होतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान आणि छाती तांबूस होते. छोट्या टिलव्याच्या पाठीवर तांबूस कडा येतात. पुस्तकात बघताना विणीच्या हंगामाचं चित्रही बघा. थव्यात काही पक्षी अर्धवट बदललेले असतात, त्यांना वेगळी जात समजू नका.

रंगाने गोंधळ होत असेल तर उडताना बघा. हिरवी तुतारी आणि ठिपक्यांची तुतारी यांच्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो. उडाल्यावर हिरवीचा पंख खालून जवळजवळ काळा दिसतो, ठिपक्यांचीचा फिकट. बसलेली असेल तर भुवई बघा: ठिपक्यांचीची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्याच्या पुढेच संपते.

वटवट्यांच्या बाबतीत मात्र रंगावर विसंबू नका, आवाज ऐका. आवाज ओळखणारी ॲप या कामी चांगली आहेत, पण त्यांनी सुचवलेलं नाव हा एक अंदाज असतो. विहिरीवरची मोटार आणि रस्त्यावरचे हॉर्न यांच्या गोंगाटात ती चुकतात. ॲपने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत टाकू नका.

आणि त्याच ॲपमधून किंवा स्पीकरवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणं या दिवसांत पूर्ण बंद. नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून सावली सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. चाळीस अंशांत त्याला ती धावपळ परवडत नाही.

गाडी, कॅमेरा, आणि आपलं शरीर

गाडीतून काढलेले फोटो सतत धूसर येत असतील तर लेन्स दुरुस्तीला देण्याआधी एसी बंद करून बघा. आतली गार हवा आणि बाहेरची तापलेली हवा खिडकीत मिसळते आणि चित्र थरथरतं. सगळ्या काचा उघडा, दोन्हीकडची हवा सारखी होऊ द्या, इंजिन बंद ठेवा. कॅमेरा आणि फोन बंद गाडीत उन्हात सोडू नका.

पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, टोपी, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एवढं तरी हवंच. सोबत्याचं बोलणं असंबद्ध वाटू लागलं, चालताना झोक जाऊ लागला, अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पक्षी उद्याही असतील.

पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतणं

मनापासून दया येऊन होणारी ही चूक आहे, म्हणून ती सांगताना जरा जड जातं. मे-जूनमध्ये उन्हाने गळालेले किंवा थकलेले पक्षी सापडतात. नवरंग रात्री प्रवास करतो, त्यामुळे पावसाच्या तोंडावर तो शहरातल्या काचांवर आपटून गॅलरीत पडलेला आढळतो. लोक चमच्याने किंवा ड्रॉपरने पाणी पाजतात. ते श्वासनलिकेत जातं आणि जगू शकणारा पक्षी गुदमरून मरतो. बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोकं सावलीत शांत जागी ठेवा. पुन्हा पुन्हा उघडून बघू नका. काचेवर आपटलेले बरेच पक्षी तास-दोन तासांत सावरतात. सावरला तर मोकळ्या जागी सोडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पाळण्याचा विचार मनात आणू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

गच्चीवर पाणी ठेवताना खोल बादली नको, मातीचं पसरट भांडं ठेवा. पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड, भांडं सावलीत आणि मांजराच्या उडीपासून लांब. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

पावशा ऐकून चातक लिहिणं

दर वर्षी मेच्या सुरुवातीलाच “चातक आला” असे निरोप फिरतात. त्यातले बरेचसे पावशाचे असतात. पावशा इथलाच रहिवासी, मार्चपासूनच “पेरते व्हा, पेरते व्हा” असा चढत्या सुरात ओरडतो. दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, वरून राखी, शेपटीवर पट्टे. चातक वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर तुरा, पंखात पांढरा ठिपका, आवाज धातूवर ठोकल्यासारखा “पियू, पियू”. सातभाईंचा थवा जिथे असतो तिथे त्याला शोधा, कारण तो अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो. पहिल्या चातकाची नोंद करताना तारीख, वेळ, गाव आणि पक्षी दिसला की नुसता ऐकला, हे चारही लिहा. शेवटचा धोबी, शेवटची तुतारी कधी दिसली याच्या नोंदी तर फारच थोडे लोक ठेवतात. येणारा पक्षी नजरेत भरतो, जाणारा कधी गेला ते कळतच नाही. त्यासाठी दर आठवड्याला एकाच पाणवठ्यावर बसून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी टाकत राहा. यादी पूर्ण असेल तर न दिसलेला पक्षीही नोंदीत येतो. घरट्याचं नेमकं ठिकाण मात्र कुठेही टाकू नका. तालुक्याचं नाव पुरेसं आहे, आणि फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाकला तरी नोंदीचं काही बिघडत नाही.