मृग लागायच्या आत खुराड्याची गादी बघा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड, शहापूरकडच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "दादा, पिल्लं पंख सोडून बसलीत. काल चार गेली, आज सहा." मी आधी एकच विचारतो. खुराड्यात गादी म्हणून अंथरलेला भाताचा तूस पाण्याच्या भांड्याजवळून उचलून मुठीत दाबून बघितलात का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, पण औषध सुरू केलंय."

आज उठून हे करा. भांड्याजवळचा तूस मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. जरासा चिकटून लगेच सुटला तर ठीक.

ओली गादी म्हणजे रक्ती हगवण. या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच लागत नाहीत. त्यांना पिकायला ओल, ऊब आणि एक-दोन दिवस लागतात. जूनमध्ये आपल्याकडे ओल आणि ऊब आयतीच असते, आणि ते एक-दोन दिवस आपण गादी न हलवून देतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं यात सगळ्यात जास्त मरतात.

गेल्या पावसाळ्यात सरळगावच्या पुढे एका ताईंकडे गेलो होतो. गारठा लागू नये म्हणून खुराडं चारी बाजूंनी निळ्या ताडपत्रीनं गच्च बांधलेलं. उभं राहिल्यावर वास फारसा जाणवला नाही. पिल्लांच्या उंचीला उकिडवा बसलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढा अमोनिया ती पिल्लं रात्रभर ओढत होती. भांड्याभोवतीचा तूस काळा पडून त्याची पोळी झाली होती, पायानं उचकटली तर अख्खी निघाली. फळीवर मात्र तीन बाटल्या मांडलेल्या: लिव्हरचं टॉनिक, ताकदीचं टॉनिक, प्रतिकारशक्तीचं टॉनिक. दुकानदारानं एकेक करून गळ्यात मारलेल्या. तेवढ्या पैशांत भातगिरणीवरून पावसाळाभराचा तूस आला असता.

ताडपत्री बांधायची तर खालून वर बांधा आणि वरचा फूटभर भाग उघडा ठेवा. ऊब दिव्यानं द्या, हवा कोंडून नाही. तूस आत्ताच आणा, उन्हात वाळवा आणि पोती फळीवर रचा. जुलैत मिळतो तो तूस आधीच दमट असतो. पावसाळ्यात गादी चार इंच हवी. भांडं विटेवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा. रोज सकाळी गादी खालवर करा आणि भांड्याभोवतीची ओली टोपलीभर बाहेर काढा. चुलीची कोरडी राख मिसळलेली मला चांगली वाटते. हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण ज्यांच्याकडे राख पडते त्यांच्याकडे गादी लवकर सुटते. चुना मात्र ओल्या गादीवर टाकून वर पिल्लं सोडू नका. पाय भाजतात आणि अमोनिया आणखी सुटतो. खुराडं रिकामं केल्यावर जमिनीला चुना लावा.

विष्ठेत रक्त दिसलंच तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. नेहमीचा डोस असा: ऍम्प्रोलियम २० टक्के पावडर, ५० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.६ ग्रॅम, पाच ते सात दिवस. लागण जोराची असेल तर डॉक्टर प्रमाण वाढवतात. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका आणि बी जीवनसत्त्वाचं टॉनिक अजिबात देऊ नका. हे औषध जंतूला बी-१ मिळू न देऊनच काम करतं. टॉनिक दिलं की तुम्ही स्वतःच औषध मारलंत.

टर्की पाळणाऱ्यांनी आणखी जपायचं. कोंबडीच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांतून टर्कीला ब्लॅकहेड हा जीवघेणा रोग होतो. पावसात गांडुळं वर येतात, त्यांच्या पोटात ही अंडी असतात, आणि टर्की ती गांडुळं आवडीनं खाते. विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली की फार उशीर झालेला असतो. म्हणून कोंबड्या हिंडलेल्या अंगणात टर्की सोडूच नका. टर्कीचं पिल्लू आपणहून खात नाही, म्हणून काही जण शिकवायला कोंबडीचं पिल्लू सोबत सोडतात. तेही नको. दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेलं अंडं बारीक करून द्या, पाण्यात चकचकीत गोट्या टाका, ती टोचायला शिकतात.

उबवणीचं:

कोंबडी २१ दिवस, टर्की २८.
मशीन ३७.५ अंशांवर.
अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवायची नाहीत, निमुळतं टोक खाली.
सातव्या आणि चौदाव्या दिवशी उजेडावर तपासणी.
फिरवणं बंद: कोंबडी १८व्या, टर्की २५व्या दिवशी.
खुडूक गावरान कोंबडीखाली तिची दहा-बारा अंडी, टर्कीची सहा-सात.

मशीनमध्येही पाण्याचीच चूक होते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर तीच हवा मशीनमध्ये तापल्यावर ५० टक्क्यांच्या आसपास राहते. वर उन्हाळ्यासारखे पाण्याचे दोन्ही ट्रे भरले की अंड्यातलं पाणी आटत नाही आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. दमटपणाचं मीटर बघूनच ट्रे भरा, ५५ टक्क्यांच्या पुढे नको. शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७०.

दिव्याखाली पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट धरा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर उष्णता.

लसी: सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडीची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवी, आठव्या आठवड्यात आर-टू-बी (हीही राणीखेतचीच). कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आळीतल्या चार घरांनी एकाच सकाळी लस ठरवा. आजारी पिल्लाला लस टोचू नका.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर हात लावू नका, विकूही नका, आधी दवाखान्यात कळवा. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, आणि आसपासच्या ठणठणीत कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.