टायट्रेशनचा बॅज: प्रॅक्टिकलमधलं कौशल्य मूडलवर कसं नोंदवायचं

बी.एस्सी.च्या मार्कशीटवर ‘केमिस्ट्री प्रॅक्टिकल, ५० पैकी ४१’ असं छापून येतं. त्या ४१मध्ये जर्नल किती, तोंडी परीक्षा किती आणि हाताचं काम किती, हे तारापूरच्या किंवा लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबसाठी मुलाखत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. डिजिटल बॅजवर मात्र एकच कौशल्य असतं, ते कसं तपासलं हे लिहिलेलं असतं, आणि लिंक उघडली की पडताळणी होते. मूडलमध्ये, म्हणजे कॉलेजं ऑनलाइन कोर्स चालवायला वापरतात त्या प्रणालीत, ही सोय २०१३च्या २.५ आवृत्तीपासून आहे, वेगळं प्लगइन लागत नाही. मेनूंच्या जागा आवृत्तीनुसार थोड्या बदलतात. इथे ४च्या मालिकेतली नावं दिली आहेत.

मूडलमधलं काम अर्ध्या तासात आटोपतं. वेळ जातो तो निकष ठरवायला, आणि जाऊ द्यावा. ‘टायट्रेशन येतं’ हा निकष नव्हे. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ एवढंच म्हणता आलं पाहिजे. आम्ल-अल्कली टायट्रेशनसाठी हे आठ मुद्दे पुरतात:

१. ब्युरेट, जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने विसळली. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने.
२. नोझलमधला हवेचा बुडबुडा काढला आणि रीडिंगआधी फनेल उतरवला.
३. पिपेट भरायला रबरी बल्ब वापरला, तोंड नाही.
४. पिपेटचं टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवून रिकामी केली. टोकात राहिलेला थेंब फुंकला नाही.
५. रीडिंग डोळ्यांच्या पातळीवर, मेनिस्कसच्या (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) खालच्या कडेला घेतलं.
६. शेवटाकडे थेंबाथेंबाने सोडलं, फ्लास्क सतत हलवत ठेवला.
७. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला तिथे थांबला. गडद गुलाबी झालं की ते रीडिंग बाद.
८. तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत आली, म्हणजे सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) मिळालं.

आठवा मुद्दा वहीवरून तपासू नका. जर्नलमध्ये तिन्ही वेळा अगदी १०.० उमटणं हे पुष्कळदा शेजारच्या वहीचं लक्षण असतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे टेबलागणिक वेगळी तीव्रता द्यायची: ०.०९, ०.१० आणि ०.११ नॉर्मल आम्ल. दर वेळी १० मिली आम्ल घेतलं तर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड अनुक्रमे ९.०, १०.० आणि ११.० मिली लागतं. नक्कल केली की लगेच उघडी पडते.

वीस जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाजवळ उभं राहून हे सगळं पाहणं एका प्रॅक्टिकलमध्ये बसत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिपेटच्या बॅजसाठी विद्यार्थ्यांकडूनच व्हिडिओ घेतले. ती पद्धत इथेही चालते. तीन मिनिटांची क्लिप, ४८०पी, मोबाइल जोडीदाराच्या हातात. सुरुवातीला रोल नंबरची चिठ्ठी ब्युरेटशेजारी धरायची. चेहरा दिसायची गरज नाही, हात आणि मेनिस्कस दिसले पाहिजेत. तीन मिनिटांत एकच टायट्रेशन बसतं. उरलेल्या दोन रीडिंगच्या वेळी शिक्षकाने ब्युरेट पाहून वहीवर तिथल्या तिथे सही करावी.

मूडलमध्ये यासाठी ‘असाइनमेंट’ बनवा. पहिली अडचण फाइलच्या आकाराची येते. सर्व्हरवरच्या पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे तिची) मूळ मर्यादा २ एमबी असते, म्हणजे एकही व्हिडिओ चढणार नाही. सिस्टिम ॲडमिनला ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही दोन्ही मूल्यं वाढवायला सांगा, दुसरं पहिल्यापेक्षा जास्त हवं. त्यानंतर साइटची, कोर्सची आणि असाइनमेंटची अशा आणखी तीन मर्यादा असतात. सगळ्यांत जी लहान, तीच लागू होते.

गुणांकनासाठी ‘रुब्रिक’ (मुद्द्यागणिक गुण देण्याचा तक्ता) निवडा. आठ ओळी, प्रत्येकीला ० किंवा १, कमाल गुण ८. ‘ग्रेड टू पास’मध्येही ८च भरा. इथे सवयीने ४ किंवा ५ टाकलं जातं आणि मग तोंडाने पिपेट भरणाऱ्यालाही बॅज मिळतो. आठपैकी आठ हे निर्दय वाटेल, म्हणून पुन्हा संधी द्या: जादा प्रयत्नांच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली अंटिल पास’ आणि कमाल प्रयत्न ३. दुसऱ्या खेपेला फक्त चुकलेला मुद्दा नाही, पूर्ण क्लिप पुन्हा मागवा.

आता ‘ॲक्टिव्हिटी कम्प्लिशन’. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथली. पूर्ततेची अट नुसती ‘व्ह्यू’ राहिली तर ज्याने असाइनमेंटचं पान उघडलं त्या प्रत्येकाला बॅज जातो, आणि साठ जणांना गेलेला बॅज परत मागणं फार कानकोंडं करणारं असतं. अट ‘रिसीव्ह अ ग्रेड’ हवी, आणि त्यातही ‘पासिंग ग्रेड’.

मग कोर्सच्या ‘मोअर’ मेनूतून ‘बॅजेस’, तिथे ‘ॲड न्यू बॅज’.

नावात विषय नको, कृती हवी: ‘आम्ल-अल्कली टायट्रेशन (ब्युरेट व पिपेट)’. वर्णन अनोळखी माणूस वाचणार आहे, तेव्हा ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ वगैरे गुळमुळीत वाक्यं टाळा. असं लिहा: ‘या विद्यार्थ्याने ५० मिली ब्युरेट आणि १० मिली पिपेट वापरून तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत मिळवली. आठ मुद्द्यांची तपासणी व्हिडिओवरून आणि प्रयोगशाळेत शिक्षकांनी केली.’ त्याखाली हेच इंग्रजीतही द्या. कंपनीचा माणूस मराठीच असेल असं नाही.

चित्र चौकोनी, पीएनजी. मूडल ते लहान करून दाखवतं, आणि शंभर पिक्सेलला देवनागरी जोडाक्षरांचा नुसता ठिपका होतो. कॉलेजचा बोधचिन्हासकट पूर्ण पत्ता त्यात कोंबण्यापेक्षा ब्युरेटची साधी आकृती आणि एक शब्द बरा.

बॅज देणाऱ्याचा ईमेल विभागाचा द्या, व्यक्तीचा नको. प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात. ‘एक्स्पायरी’ टायट्रेशनला लागत नाही. अग्निशामक किंवा लॅब सुरक्षेच्या बॅजला एक वर्षाची मुदत योग्य.

‘क्रायटेरिया’त ‘ॲक्टिव्हिटी कम्प्लिशन’ निवडून ती असाइनमेंट जोडा. हवं तर ‘मॅन्युअल इश्यू बाय रोल’ही घाला, म्हणजे शिक्षकाने हाताने ‘अवॉर्ड’ केल्याशिवाय बॅज निघणार नाही. मात्र दोन निकष असतील तर वरचं सेटिंग ‘ऑल’ आहे ना हे पाहा. ‘एनी’ असेल तर कोणताही एक पुरतो आणि दुसरा निव्वळ शोभेचा.

शेवटी ‘एनेबल ॲक्सेस’. त्याआधी एक चाचणी विद्यार्थी खातं काढून पूर्ण प्रवास करून पाहा. शिक्षकाच्या खात्यातून ‘स्विच रोल’ करून विद्यार्थी झालात तरी बॅज मिळत नाही, आणि लोक तासभर सेटिंग धुंडाळत बसतात. ही घाई नको, कारण पहिला बॅज दिला गेला की निकष आणि मुदत कुलूपबंद होतात. मग बदल हवा तर नवा बॅज बनवावा लागतो. ॲक्सेस सुरू करताना आधीच पात्र झालेल्यांनाही बॅज जातो, पण कधी कधी तो सर्व्हरवरचा ‘क्रॉन’ (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं) चालेल तेव्हाच. दिवस उलटूनही कुणाला काहीच आलं नाही, तर क्रॉन बंद नाही ना हेही पाहा.

एका सत्रात असे तीन-चार बॅज पुरे. हजेरीचा, जर्नल वेळेत दिल्याचा बॅज काढला की मुलं ढिगाने जमवतात आणि टायट्रेशनच्या बॅजचीही किंमत जाते. बॅज म्हणजे क्रेडिट नव्हे, हेही सुरुवातीलाच सांगा. विद्यार्थ्याची क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये त्याने काही जमा होत नाही.

पडताळणी कशी होते हे कळलं की पुढच्या बऱ्याच भानगडी टळतात. ओपन बॅजेस हे मानक मोझिलाने २०११मध्ये पुढे आणलं आणि २०१७मध्ये ते आयएमएस ग्लोबलकडे गेलं, जिचं नाव आता वनएडटेक आहे. त्याप्रमाणे बॅजच्या पीएनजी फाइलच्या पोटातच माहिती ‘भाजलेली’ असते आणि ती कॉलेजच्या मूडलचा पत्ता दाखवते. म्हणून मूडल फक्त कॅम्पसच्या आतल्या आयपीवर (नेटवर्क पत्त्यावर) चालत असेल तर बाहेर पडताळणी होत नाही. डोमेन बदललं, जुना पत्ता नव्याकडे वळवला नाही, की जुने सगळे बॅज एकदम ‘अवैध’ दिसू लागतात.

बॅज ईमेलला बांधलेला असतो. कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद होणार असेल तर प्रोफाइलमध्ये विद्यार्थ्याचा कायमचा ईमेल बॅज मिळण्यापूर्वीच घाला. बॅजच्या पानावर नाव दिसतं आणि लिंक असलेल्या कुणालाही ते उघडता येतं, हे विद्यार्थ्यांना आधी सांगा. ज्युनियर कॉलेजची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक धरतो.

विद्यार्थ्यांना एवढं नक्की शिकवा: बॅजचं चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून जेपीजी होतं आणि आतली माहिती उडते; मागे उरतं फक्त चित्र. पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर सरळ लिंक. बायोडेटातही चित्राखाली लिंक हवीच, प्रिंट काढली तर क्यूआर कोड.

पुढच्या वर्षी कोर्सचा बॅकअप घेऊन नवीन बॅचसाठी रिस्टोअर कराल, तेव्हा बॅकअपमध्ये ‘बॅजेस’वर खूण करा. रिस्टोअर झालेला बॅज बंद अवस्थेत येतो. निकषात असाइनमेंट नवीन कोर्सचीच जोडली गेली आहे ना ते तपासा, वर्णनातलं वर्ष बदला, आणि मगच ‘एनेबल ॲक्सेस’ दाबा.