बंगल्याचं काम घेताय? आधी करार लिहा
तोंडी शब्दावर काम घेऊ नका, अगदी पाहुण्याचं असलं तरी. रेट लेबरचा आहे का मटेरियलसकट, स्क्वेअर फूट कशावर मोजायचे, बाल्कनी-जिना धरायचा का, हे सगळं करारात लिहा, कारण भांडणं शेवटी मोजमापावरच होतात, मी स्वतः जिन्याचे पैसे असेच घालवलेत. हप्ते प्लिंथ (जोतं), स्लॅब, प्लास्टर असे टप्प्यावर बांधा. मालकाने मधेच भिंत हलवायला सांगितली तर एक्स्ट्राचा रेट ठरवून सही घ्या, मगच हातोडा.

जुन्या विटांचा राडारोडा ओढ्यात टाकू नका, प्लिंथच्या भरावात चालतो. पीपीसी (बहुधा राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 10 दिवस, कॉलमला गोणपाट गुंडाळा, पाणी कमी लागतं.