लॉर्ना सिम्प्सन यांची छायाचित्रं आणि त्यातले शब्द: अभ्यास कसा करावा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय छायाचित्रकार लॉर्ना सिम्प्सन (जन्म १९६०, ब्रुकलिन, न्यूयॉर्क) यांच्या सुरुवातीच्या कामांत बाई दिसते, पण तिचा चेहरा दिसत नाही. कधी ती पाठमोरी असते, कधी मानेवरचा भागच चौकटीबाहेर असतो. सोबत मोजके शब्द असतात. पाहणारा लगेच त्या शब्दांकडे धावतो, कारण फोटोचा उलगडा तिथे होईल असं त्याला वाटतं. तो होत नाही. हे शब्द बहुतेकदा बाईबद्दल इतरांनी ठरवलेलं काहीतरी असतात, म्हणून अभ्यास करताना फोटो आणि मजकूर आधी एकमेकांपासून सोडवून घ्यायचे.

सुरुवात 'वॉटरबेअरर' (पाणी वाहणारी, १९८६) या फोटोपासून करा. ए-फोर कागदावर प्रिंट काढा आणि खालच्या ओळींवर पट्टी ठेवा. दहा मिनिटं फक्त दिसतं तेवढं लिहा: बिनबाह्यांचा पांढरा पोशाख, आपल्याकडे पाठ, दोन्ही हातांतून ओतलं जाणारं पाणी, एका हातात धातूचं भांडं, दुसऱ्यात प्लॅस्टिकचं, हात वेगवेगळ्या उंचीवर. 'दुःखी', 'एकाकी' असे शब्द या टप्प्यावर नकोत; ते आले की नंतर मजकुराने काय बदललं हे कळायला मार्ग राहत नाही.

आता फोटो झाका आणि ओळी वाचा. आशय असा: तिने त्याला नदीकाठी नाहीसं होताना पाहिलं, काय घडलं ते त्यांनी तिला विचारलं, आणि मग तिची आठवणच मोडीत काढली. सर्वनामं अधोरेखित करा. ती, तो, ते. 'मी' कुठेच नाही. 'ती'च्या जागी 'मी' घालून पुन्हा वाचा. ओळ एका व्यक्तीची तक्रार होऊन बसते आणि तिच्याविषयी निवाडा देणारे 'ते' मागे सरकतात. अशी अदलाबदल करून पाहणं हे या अभ्यासातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. मग पट्टी काढा. दोन भांड्यांनी वर-खाली झालेले हात आता तराजूसारखे दिसू लागतील. हा अर्थ फोटोत एकटा नव्हता आणि ओळींतही एकटा नव्हता.

दुसरं काम 'फाइव्ह डे फोरकास्ट' (पाच दिवसांचा अंदाज). इथे मोजणी करा: पाच फोटो, पंधरा पाट्या. वर सोमवार ते शुक्रवार अशा पाच, खाली दहा शब्द, सगळे 'मिस'ने सुरू होणारे: मिसडिस्क्रिप्शन (चुकीचं वर्णन), मिसआयडेंटिफाय (चुकीचं ओळखणं), मिसट्रान्स्लेट (चुकीचा अनुवाद करणं) वगैरे. फोटोत तोच पांढरा साधा पोशाख, तीच हाताची घडी. प्रत्येक फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून घडीची रेषा काढा आणि पाचही कागद शेजारी मांडा. मग वार का हवेत याचा विचार करा: शनिवार-रविवार नाही, म्हणजे हा कामाचा आठवडा आहे, आणि चुकीचं ओळखलं जाणं त्यात रोजचं आहे.

अक्षरं कशावर आहेत हेही नोंदवा. या पाट्या कोरलेल्या प्लॅस्टिकच्या आहेत, ऑफिसच्या दारावर असतात त्या जातीच्या. हाताने लिहिलं असतं तर कबुलीजबाब वाटला असता. पाटीमुळे शब्दांना कचेरीचा अधिकार येतो. 'गार्डेड कंडिशन्स' (१९८९) मध्ये १८ पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारे फोटो) आणि २१ पाट्या आहेत. तीन-तीन पोलरॉइड जोडून पाठमोरी आकृती सहा वेळा उभी केली आहे. सांध्यांकडे नीट पाहा. शरीर तिथे तुटतं.

गडबड होते ती बहुधा दोन ठिकाणी. इंटरनेटवरच्या प्रतींत पाट्या अनेकदा कापलेल्या असतात, म्हणून भागांची संख्या संग्रहालयाच्या नोंदीशी ताडून घ्या. 'फाइव्ह डे फोरकास्ट' लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. दुसरं म्हणजे फोटोतली बाई सिम्प्सनच आहेत असं गृहीत धरलं जातं. या कामांत त्यांनी दुसऱ्यांना उभं केलं आहे. पुढे '१९५७–२००९' या मालिकेत त्या स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हा जुन्या फोटोंतल्या अनोळखी लोकांच्या पोझ घेऊन.

शेवटी स्वतः करून पाहा. चेहरा न दाखवता एकाच कोनातून, एकाच कपड्यांत तीन फोटो काढा. शब्द मनाने रचू नका. तुमच्याबद्दल आधीच लिहिले गेलेले घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे रकाने, 'सौ.', 'कुमारी', स्थळाच्या बायोडाटातला 'वर्ण: गव्हाळ'. पाचपेक्षा जास्त नकोत. रबरी शिक्के बनवणाऱ्यांकडे बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या पाट्याही कोरून मिळतात. पाटी फोटोवर चिकटवू नका, चौकटीखाली दोन बोटं अंतर ठेवून भिंतीवर लावा. मग पाट्यांची जागा आपसांत बदला. काहीच फरक पडला नाही, तर शब्द फोटोचं नुसतं वर्णन करतायत. दाखला पुन्हा उघडा आणि दुसरे शब्द निवडा.