पहिले गोल्फ क्लब घेताना

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी जवळजवळ वर्षभर स्वतःलाच ऐकवली. पंचेचाळिशीत गोल्फ शिकायला लागले. नवऱ्याचा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेट घरात पडूनच होता, म्हटलं वेगळा कशाला हवा! चेंडू सरळ म्हणून जायचा नाही, दर वेळी डावीकडे. खांदे तपासले, पाय तपासले, व्हिडिओ काढून पाहिले. शेवटी एका प्रशिक्षकाने चेंडूवर मार्करने जाड रेघ ओढली, ती उभी राहील आणि क्लबच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवला आणि म्हणाला, मारा. मारल्यावर क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, रेघेचा ठसा उमटला. तो उभा असायला हवा होता. माझा चांगलाच कलला होता, रेघेची वरची बाजू क्लबच्या टोकाकडे, म्हणजे डोक्याच्या दांड्यापासून लांबच्या कडेकडे. म्हणजे चेंडूला भिडताना क्लबची टाच, म्हणजे दांड्याकडची कड, जमिनीला टेकत होती आणि टोक वर उचललेलं राहत होतं. अशा क्लबने उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडेच जाणार. माझी उंची पाच फूट, क्लब पुरुषांचे. अंगण खरोखरच वाकडं होतं.

तेव्हापासून कुणी नवं शिकणारं माणूस ‘कुठला सेट घेऊ?’ विचारायला लागलं की मी आधी सांगते, सेट घेऊच नका. एक सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचा क्लब, मिळवा, उसना मिळाला तर उत्तमच. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, महिनाभर तेवढाच मारा. तो ना फार लांब, ना फार आखूड. त्याच्यावर हात बसला की आपला स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची ढब, साधारण कसा आहे ते कळतं, आणि क्लब निवडायचे ते त्या स्विंगला. पहिल्या आठवड्यात घेतलेलं माप तिसऱ्या महिन्यात लागू पडत नाही.

हाताचंही याच महिन्यात ठरवा. डावखुऱ्याने डावऱ्या हाताचेच क्लब घ्यावेत असा काही नियम नाही. फिल मिकलसन हा अमेरिकी गोल्फपटू बाकी सगळं उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डावऱ्याने खेळतो, कारण लहानपणी वडिलांसमोर उभा राहून आरशात बघावं तसा तो शिकला. दोन्हीकडून पाच-पाच चेंडू मारून बघा, अंगच सांगतं.

आता लांबी. नुसती उंची सांगून भागत नाही, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे नसतात. खेळायचे बूट घाला, सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजायला वाकलात की माप चुकलंच. माझं अंतर 29 इंच भरलं. उंची आणि हे अंतर मिळून लांबीचा अंदाज येतो. पुरुषांचा सात नंबर साधारण 37 इंचांचा असतो, बायकांचा इंचभर कमी. लाय, म्हणजे दांडा आणि डोकं यांच्यातला कोन, मात्र मापावरून पक्का करू नका. त्याला ती मार्करची रेघच हवी. लांब क्लब कापून आखूड करून घ्यायचा मोह मलाही झाला होता. पण कापल्यावर शाफ्ट, म्हणजे दांडा, जास्त ताठ होतो आणि डोक्याचं वजन हाताला जाणवेनासं होतं.

शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, सगळ्यात लवचीक ते सगळ्यात ताठ या क्रमाने. यात लोक उगाच मानापमान आणतात. एस म्हणजे दमदार, ए म्हणजे म्हातारा, असं काही नाही. स्विंग सावकाश असेल तर ताठ शाफ्टने चेंडू खुरटा उडतो आणि हाताला झिणझिण्या येतात. शिवाय या अक्षरांचं सर्वमान्य मापच नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघू शकतो. म्हणून अक्षर वाचून नाही, मारून ठरवा. स्टील की ग्रॅफाइट, हा प्रश्न वजनाचा. स्टीलचा शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅम, ग्रॅफाइटचा त्याच्या निम्मा-पाऊण. कोपर किंवा मनगट कुरकुरत असेल तर डोळे मिटून ग्रॅफाइट.

आयर्नचं डोकं उलटं करून पाठ बघा. पाठ सपाट आणि भरीव असेल तर तो ब्लेड. दिसतो देखणा, पण चेंडू मधोमध लागला नाही तर क्षमा करत नाही. पाठीत खळगा असेल तर तो कॅव्हिटी बॅक. मधलं वजन काढून कडेला नेलेलं असतं, म्हणून चेंडू टाचेकडे किंवा टोकाकडे लागला तरी डोकं फार वळत नाही. ही युक्ती गाजवली ती कार्स्टन सोलहाइम या इंजिनियरने. 1959 मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायचा क्लब, बनवला, चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज यायचा आणि तेच पुढे कंपनीचं नाव झालं. नवशिक्याने कॅव्हिटी बॅकच घ्यावा, यात मला चर्चेला जागा दिसत नाही.

किती क्लब? नियमाने जास्तीत जास्त 14. ही मर्यादा 1938-39 पासूनची आहे आणि ती मोठमोठ्यांनाही नडते. 2001 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत शेवटच्या दिवशी इयन वूस्नम या गोल्फपटूच्या बॅगेत दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, 15 वा क्लब सापडला, एक जादाचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, आणि दोन फटक्यांचा दंड बसला. पण तुम्हाला 14 लागणारच नाहीत. मी पहिला सेट एका दुकानातून खोक्यासकट उचलला. त्यातला तीन नंबरचा वूड (लांब मारायचा, फुगीर डोक्याचा क्लब) आणि चार नंबरचा आयर्न मी कधी धड उडवू शकले नाही. निव्वळ खोगीरभरती. आता मी सांगते ती यादी अशी: सात किंवा पाच नंबरचा वूड, पाच नंबरचा हायब्रिड (वूड आणि आयर्न यांचा मेळ), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज (चेंडू उंच उडवून जवळ टाकायचे क्लब, सँड वेज वाळूतून काढायलाही), पटर. सात झाले. ड्रायव्हर सहा महिन्यांनी घ्या, आणि घ्याल तेव्हा 12 अंशांच्या आसपास लॉफ्टचा. लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती झुकलाय तो कोन. साडेनऊचा ड्रायव्हर बाहेरून दिसतो जोरदार, पण नवख्याच्या हातात चेंडू जमिनीलगत सरपटतो आणि उजवीकडे पळतो. लॉफ्ट जास्त असेल तेवढा चेंडू सहज उठतो आणि आडवा कमी फिरतो.

लॉफ्टची एक गफलत मात्र नीट समजून घ्या, कारण ती दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. क्लबवरचा नंबर आणि लॉफ्ट यांचं नातं पक्कं नाही. जुन्या सेटमधला सात नंबर 34-35 अंशांचा, आजचे कितीतरी सात नंबर 28-30 अंशांचे. तेच पिचिंग वेजचं, नव्या सेटमध्ये ते 43-44 वर येऊन बसलंय. तुमचं सँड वेज 56 चं असेल तर मध्ये 12 अंशांची दरी पडते, आणि नेमका त्या दरीतला फटका डावात चार वेळा लागतो. म्हणून आधी लॉफ्ट विचारा, कागदावर एकाखाली एक मांडा. दोन वेजमध्ये पाच-सहा अंशांपेक्षा जास्त अंतर दिसलं तर मधे 50 चं वेज बसवा. सँड वेजच्या तळाला 10 ते 14 अंश बाउन्स, म्हणजे तळाचा खाली फुगलेला कोन, असू द्या, मऊ वाळूत ते रुतत नाही.

पटर मात्र खोक्यातला घेऊ नका. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, कोर्सवर 36 फटके पटिंगचे धरलेले असतात, निम्मे. होल 108 मिलिमीटरचं, तिथे गफलत चालत नाही. पटरचा दांडा बोटावर आडवा तोलून धरा. फेस आकाशाकडे बघत राहिला तर तो सरळ मागे-पुढे नेणाऱ्यांचा. टोक खाली लटकलं तर किंचित कमानीत नेणाऱ्यांचा. मग तुमच्या उभं राहण्याच्या पद्धतीत डोळे चेंडूच्या वर किंवा जरासे आत येतील अशी लांबी बघा, बहुधा 33 ते 35 इंचांत. रंग, नाव, पुढारलेला आकार, यांनी पट पडत नाही.

जुने क्लब घ्यायला माझी अजिबात ना नाही. डोकं कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या. शाफ्टवर आडवं बोट फिरवा, गंज किंवा पोचा हाताला लागतो. डोकं आणि दांडा जुळतात तिथली काळी रिंग सरकलेली नको. वेजच्या फेसवरच्या खाचा नखाने चाचपा. नख अडकत नसेल तर चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, थांबणार नाही. ग्रिप, म्हणजे दांड्याची मूठ, गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर त्याचं काही नाही, नवी बसवता येते. बसवताना जाडी बघा. डाव्या हाताने पकडल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकावीत. रुतली तर ग्रिप बारीक, टेकलीच नाहीत तर जाड.

माझे आयर्न आता नवऱ्याच्या आयर्नपेक्षा दीड इंच आखूड आहेत आणि ठसा उभा उमटतो. मागच्या महिन्यात त्यालाही रेघ ओढून दिली. त्याचा ठसा पहिल्यापासूनच ओळंब्यात होता. तरी त्याचा चेंडू उजवीकडे जातो. आता तो ग्रिप बदलायचं म्हणतोय.